सोल्वेइग: नाव सूर्याचे की घराचे?

माझी मावसबहीण गेली काही वर्षे ओस्लोत राहते. तिची मुलगी बालवाडीतून घरी आली की 'सूल्वॅय' नावाच्या मैत्रिणीविषयी सतत बोलत असे. एका संध्याकाळी मुलीला आणायला गेलेली असताना माझी बहीण कोट अडकवण्याच्या खुंट्यांखाली चिकटवलेल्या नावांच्या पट्ट्या वाचू लागली. सूल्वॅय नाव तिला कुठेच दिसेना. एका पट्टीवर मात्र, आपण सोल्वेइग असे वाचू, असे नाव लिहिलेले होते. मुलीने त्याच पट्टीवर बोट ठेवले आणि हीच आपली मैत्रीण असे सांगितले. त्या रात्री बहिणीचा मला फोन आला. "ताई, या नावाचा अर्थ नेटवर एका ठिकाणी 'सूर्याचा मार्ग' दिला आहे, दुसरीकडे 'घराची शक्ती', आणि तिसरीकडे 'सूर्याची शक्ती'. एका नावाचे तीन अर्थ कसे असतील? यातला खरा कोणता?"

हा प्रश्न केवळ तिचा नाही. बाळासाठी नाव शोधणारे आईवडील आता पंचांग आणि आत्या यांच्याबरोबर इंटरनेटवरच्या याद्याही पाहतात, आणि अशा याद्यांत प्रत्येक नावापुढे दोन-तीन शब्दांचा एक अर्थ ठामपणे लिहिलेला असतो. नॉर्वेतही दर वर्षी जानेवारीत तिथले सरकारी सांख्यिकी कार्यालय आदल्या वर्षी सर्वाधिक ठेवल्या गेलेल्या नावांची यादी जाहीर करते आणि काही दिवस वृत्तपत्रांत तिचीच चर्चा चालते. भारतात जवळजवळ न ऐकलेले आणि स्कॅन्डिनेव्हियाबाहेर सर्वत्र दुर्मीळ असलेले हे नाव समजून घेताना नावाचा अर्थ म्हणजे नेमके काय, तो कोण ठरवतो आणि एखादे नाव पिढ्यान्‌पिढ्या झोपून पुन्हा जागे कसे होते, हेही उलगडत जाते. म्हणून थोडे मुळापासून पाहू.

नावाची भाषा कोणती?

सोल्वेइग हे नाव जुन्या नॉर्स भाषेतले आहे. साधारण आठव्या ते चौदाव्या शतकापर्यंत नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन आणि आइसलँड येथील लोक जी भाषा थोड्याफार फरकाने बोलत होते तिला जुनी नॉर्स म्हणतात. महाराष्ट्री प्राकृताचे मराठीशी जे नाते, तेच जुन्या नॉर्सचे आजच्या नॉर्वेजियन, डॅनिश, स्वीडिश आणि आइसलँडिक भाषांशी आहे. फरक इतकाच की आइसलँडची भाषा आपल्या मूळ रूपापासून फारशी दूर गेलेली नाही, तर उरलेल्या तिन्ही बऱ्याच बदलल्या आहेत. ही बाब लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच निर्माण झाला आहे.

त्या काळची बरीच नावे दोन तुकडे जोडून तयार होत. आपल्याकडे श्री, रमा, चंद्र, सूर्य, लक्ष्मी हे शब्द आधी आणि कांत, धर, नाथ हे नंतर येतात आणि त्यांतून श्रीकांत, श्रीधर, रमाकांत, रमानाथ, चंद्रकांत अशी नावे बनत जातात, तसेच काहीसे. मात्र आपल्या नावांत समासाचा अर्थ लागतो. रमाकांत म्हणजे रमेचा पती. नॉर्स नावांत असा अर्थ लागेलच असे नाही. गुनहिल्ड हे नाव पाहा: यातील 'गुन' म्हणजे युद्ध आणि 'हिल्ड' म्हणजेही युद्ध. युद्ध-युद्ध याचा वाक्यार्थ लावत बसण्यात काही हशील नाही. आजी-आजोबांच्या आणि आईवडिलांच्या नावांतला एखादा तुकडा मुलांच्या नावात पुढे न्यायचा, दोन मानाचे शब्द शेजारी ठेवायचे आणि त्यातून कुळाशी नाते दाखवायचे, असा तो प्रकार होता. हल्ली काही मराठी घरांत आईच्या नावातले एक अक्षर आणि बाबांच्या नावातले एक अक्षर घेऊन मुलीचे नाव तयार करतात. त्या नावाचा कोशात अर्थ मिळाला नाही तरी घरच्यांना तो पुरेपूर कळतो. नॉर्स जोडनावांची जात साधारण तीच होती.

शेवटचा तुकडा: वेइग

सोल्वेइगचे दोन तुकडे म्हणजे 'सोल' आणि 'वेइग'. आधी शेवटचा घेऊ, कारण तो अधिक ओळखीचा आहे. स्त्रियांच्या नावांत 'वेइग' अनेकदा येते. आइसलँडमध्ये कायमची वस्ती करणारा पहिला मानला जाणारा इंगोल्फुर आर्नार्सन नवव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे पोहोचला, त्याच्या पत्नीचे नाव हाल्वेइग. नॉर्वे आणि आइसलँडमध्ये रानवेइग हे नाव आजही आढळते. नॉर्स पुराणकथांत गुल्वेइग नावाची एक स्त्री आहे, तिला देवांनी तीनदा जाळले आणि ती तिन्ही वेळा पुन्हा जन्मली. या सगळ्या नावांतल्या 'वेइग'चा अर्थ अभ्यासक 'शक्ती' किंवा 'बळ' असा करतात. जुन्या काव्यांत हाच शब्द कडक मद्यासाठीही येतो. शक्ती आणि कैफ यांचे नाते आपल्यालाही समजण्यासारखे आहे.

रानवेइगमधला 'रान' म्हणजे आपले रान नव्हे. जुन्या नॉर्समध्ये त्याचा अर्थ घर असा होतो. म्हणजे घर अधिक बळ. हे नाव पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिला तुकडा: एका स्वराचा प्रश्न

'सोल' म्हणजे सूर्य, हे सांगायला अभ्यासक कशाला हवा, असे कोणालाही वाटेल. नॉर्वेजियनमध्ये सूर्याला आजही याच अक्षरांनी लिहितात. पण जुन्या नॉर्समध्ये दोन वेगळे स्वर होते: एक लांब 'ओ' आणि दुसरा ऱ्हस्व, मोकळ्या तोंडाचा, आपल्या 'ऑ'च्या जवळचा. सूर्यासाठीच्या शब्दात लांब ओ आहे. 'साल्र' हा दुसरा एक शब्द घर किंवा दालन या अर्थाचा आहे आणि नावात जोडला गेल्यावर त्यातला 'आ' बदलून तो मोकळा 'ऑ' होऊ शकतो. जुन्या हस्तलिखितांत हे दोन्ही स्वर पुष्कळदा एकाच अक्षराने लिहिले जात. त्यामुळे केवळ लिहिलेले नाव पाहून मूळ उच्चार 'सोल' होता की 'सॉल' हे सांगता येत नाही. मोडीतला एखादा कागद वाचताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक लेखनात नसल्यामुळे अर्थ संदर्भावरून लावावा लागतो, त्याच तऱ्हेची ही अडचण आहे.

म्हणून गंभीर नामकोशांत दोन्ही शक्यता शेजारी शेजारी दिलेल्या असतात: सूर्य अधिक बळ, किंवा घर अधिक बळ. माझे स्वतःचे मत घराकडे झुकते, आणि त्याचे कारण म्हणजे वर पाहिलेले रानवेइग. त्याच शेवटाच्या दुसऱ्या एका नावात घरवाचक शब्द निश्चित असेल, तर इथेही तो असणे स्वाभाविक वाटते. घर म्हणजे चार भिंती नव्हेत. त्या काळातल्या शेतकरी सरदाराचे दालन म्हणजे मधोमध पेटलेली चूल, बाजूंना लांब बाके आणि सारे कुळ एकत्र, असे ते घर. अशा घराचे बळ हे स्त्रीचे नाव असावे, हे मला सूर्यकिरणापेक्षा अधिक भारदस्त वाटते.

मग 'सूर्याचा मार्ग' आला कुठून?

तिसरा अर्थ सर्वांत लोकप्रिय आहे आणि भाषेच्या दृष्टीने तोच सर्वांत कच्चा आहे. आजच्या नॉर्वेजियनमध्ये रस्त्याला 'वॅय' म्हणतात. सोल्वेइग या नावातला शेवटचा 'ग' नॉर्वेत सहसा उच्चारत नाहीत आणि सूर्यासाठीचा शब्दही तिथे 'सूल' असा ऐकू येतो. त्यामुळे सूल्वॅय हे नाव कानावर पडताच नॉर्वेजियन माणसाला 'सूर्य' आणि 'रस्ता' हे दोन रोजचे शब्द आपोआप ऐकू येतात. डेन्मार्कमध्ये तर हे नाव पुष्कळदा रस्त्याच्या डॅनिश शब्दाच्या अक्षरांनीच लिहिले जाते. म्हणजे कानाने लावलेला अर्थ पुढे लेखणीतही उतरला. पण जुन्या नॉर्समध्ये रस्त्यासाठीचा शब्द 'वेगर' होता, 'वेइग' नव्हे. हे दोन निराळे शब्द कालांतराने उच्चारात जवळ आले, एवढेच.

एखाद्या शब्दाचे मूळ विसरले गेल्यावर लोक ओळखीच्या शब्दांवरून त्याची फोड करतात, तिला लोकव्युत्पत्ती म्हणतात. आपल्याला याचे उत्तम उदाहरण माहीत आहे. 'बॉम्बे' हे नाव पोर्तुगीजांच्या 'बॉम बाहिया', म्हणजे 'चांगली खाडी', या शब्दांवरून आले असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. पोर्तुगीजमध्ये 'बाहिया' हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने विशेषण 'बॉम' न होता 'बोआ' व्हायला हवे होते, आणि मुंबादेवी तर तिथे पूर्वीपासून होतीच. फोड कानाला गोड लागली म्हणून ती टिकली. सूर्याच्या मार्गाचेही तसेच झाले.

यात मराठी माणसाला सुखावणारी एक गोष्ट आहे. नॉर्सचा 'सोल' आणि आपला 'सूर्य' हे दोन्ही शब्द एकाच अतिप्राचीन इंडो-युरोपीय मुळापासून आले आहेत. रस्त्याचा 'वेगर' आणि आपल्या 'वाहणे', 'वाहन' या शब्दांतला 'वह्' हा संस्कृत धातू यांचेही मूळ एकच. इतकेच काय, नॉर्वे या देशनावाचा प्रचलित अर्थच 'उत्तरेकडचा मार्ग' असा आहे. म्हणजे नावाची लोकांनी केलेली फोड जरी घेतली, तरी तिचे दोन्ही भाग आपल्या घरातल्या शब्दांचे दूरचे सोयरे निघतात.

मग लोकांनी मानलेला अर्थ खोटा म्हणायचा का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. शब्दाचे मूळ ही एक गोष्ट आणि ते नाव ठेवताना आईवडिलांच्या मनात काय असते ही दुसरी. मूळ काय, हे भाषेच्या नियमांवरून ठरते आणि तिथे बहुमताला जागा नाही. मनातला अर्थ मात्र ठेवणाऱ्यांचा असतो. गेल्या शंभरहून अधिक वर्षांत ज्यांनी मुलीचे नाव सोल्वेइग ठेवले, त्यांतल्या बहुतेकांना त्यात सूर्य दिसला असणार, आणि तो दिसण्यामागे त्या भूमीचे कारण आहे.

नॉर्वेच्या उत्तरेला ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. पुढचे काही दिवस तो डोंगराआड राहतो आणि 21 जानेवारीच्या सुमाराला शहराला दिसतो. तो दिवस तिथे 'सूर्यदिन' म्हणून पाळतात, मुलांना शाळेतून बाहेर सोडतात आणि घरोघरी मुरंबा भरलेले गोल, तळलेले गोड पाव खातात. दक्षिणेतले रियुकान हे गाव तर इतक्या अरुंद दरीत आहे की सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तिथल्या चौकात ऊन पडत नसे. 2013 मध्ये त्यांनी डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, आणि आता ते आरसे सूर्याबरोबर फिरून चौकात उजेडाचा एक तुकडा टाकतात. वैशाखात सावली शोधणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना हे चमत्कारिक वाटेल. उन्हाच्या एका तुकड्यासाठी डोंगरावर आरसे चढवणारे लोक मुलीच्या नावात सूर्य ऐकणारच.

शिवाय नॉर्स कल्पनेत सूर्य स्त्री आहे. आपला सूर्यनारायण सात घोड्यांच्या रथातून येतो, त्यांची सोल ही देवी दोन घोड्यांच्या रथातून जाते, एक लांडगा सतत तिच्या मागे लागलेला असतो आणि चंद्र हा तिचा भाऊ आहे. सूर्याचे नाव मुलीला देण्यात त्यांना काही विशेष वाटत नाही.

ज्याच्या सूर्याबद्दल शंकाच नाही असेही एक नाव नॉर्वेत आहे, ते म्हणजे सुनिव्हा. इंग्लंडच्या जुन्या भाषेतले 'सूर्याचे देणे' या अर्थाचे हे नाव संत सुनिव्हाबरोबर नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. सेल्या बेटावरचे तिचे अवशेष 1170 मध्ये बेर्गेनला नेण्यात आले. याच नावाचे लोकभाषेतले रूप म्हणजे स्युन्नव. ब्यर्न्स्ट्यर्ने ब्यर्नसन या लेखकाने 1857 मध्ये एका शेतकरी मुलीची कथा लिहून ते रूप देशभर पोहोचवले. ब्यर्नसन मराठी रंगभूमीला परका नाही: 1933 मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने आणलेले 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक त्याच्याच नाटकाचे रूपांतर होते. कथेतल्या मुलीने नावाला पुन्हा चालना द्यावी, हे नॉर्वेत सोल्वेइगच्या आधीही घडले होते, हे सांगण्यासाठी हा थोडा फेरा घेतला.

नाव विस्मृतीत कसे गेले?

तेराव्या शतकातल्या आइसलँडच्या इतिवृत्तांत सोल्वेइग ठळकपणे भेटते. विद्येसाठी प्रसिद्ध असलेल्या ओद्दीच्या घराण्यातला प्रमुख साइमुंदुर योन्सन, त्याची ही मुलगी. तिचा नवरा स्तुर्ला सिग्वात्सन हा नॉर्स पुराणकथांचा संग्रह करणाऱ्या स्नोरी स्तुर्लुसनचा पुतण्या. तो 1238 मध्ये लढाईत मारला गेला. आइसलँडमध्ये हे नाव पुढेही चालत राहिले.

नॉर्वेत मात्र ख्रिस्ती धर्म स्थिरावल्यानंतर संतांची नावे आली आणि अन्ना, कारेन, मारी, योहान्ने यांनी घरे भरून टाकली. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून 1814 पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता आणि धर्मगुरूंच्या नोंदवह्या डॅनिशमध्ये लिहिल्या जात. मुलांना आजी-आजोबांचे नाव ठेवण्याचा रिवाजही पक्का होता. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची पद्धत अनेक घराण्यांत होती, तिच्यासारखाच. अशा रिवाजात जे नाव एकदा वहीतून बाहेर पडते, ते आपण होऊन आत येत नाही. सोल्वेइग काही ग्रामीण भागांत बदललेल्या रूपांत उरले, शहरांतून गेले.

एका नाटकाने नाव परत आणले?

बऱ्याच अंशी होय. 1867 मध्ये हेन्रिक इब्सेनचे 'पेर ग्युंट' हे पद्यनाटक प्रसिद्ध झाले. त्यातली सोल्वेइग पहिल्यांदा दिसते ती एका लग्नघरी: गावात नव्याने आलेल्या, धार्मिक वळणाच्या कुटुंबातली मुलगी, एका हाताने आईचा घागरा धरलेला, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेले प्रार्थनागीतांचे पुस्तक. थापाड्या, बेफिकीर पेर तिला पाहतो आणि त्याला तिचा विसर पडत नाही. पुढे ती आईवडिलांना सोडून बर्फावरून एकटीच जंगलातल्या त्याच्या झोपडीत येते. तो मात्र 'थांब' एवढे सांगून निघून जातो आणि जगभर भटकतो. नाटकाच्या मधोमध, पेर दूर वाळवंटात असताना, एक छोटासा प्रवेश येतो: उत्तरेतला उन्हाळ्याचा दिवस, जंगलातली झोपडी, आणि दाराबाहेर उन्हात बसून सूत कातणारी, आता मध्यम वयाची झालेली सोल्वेइग. ती गाते. हिवाळा जाईल, वसंत जाईल, पण तू येशील, अशा आशयाचे ते गाणे आहे. शेवटी म्हातारा पेर परत येतो तेव्हा तिची दृष्टी जवळजवळ गेलेली असते. पहाट उजाडत असताना ती त्याचे डोके मांडीवर घेऊन अंगाई म्हणते.

या साऱ्यात ऊन आणि उजेड किती आहे पाहा. नावात सूर्य आहे असे लोकांनी मानले, त्यात इब्सेनच्या या दृश्यांचा वाटा मोठा असावा असे मला वाटते.

24 फेब्रुवारी 1876 रोजी आजच्या ओस्लोत, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियात, हे नाटक एडवर्ड ग्रीगच्या संगीतासह रंगमंचावर आले. नाटक नॉर्वेजियन जाणणाऱ्यांपुरते मर्यादित राहू शकले असते, पण संगीताला भाषेची अडचण नसते. ग्रीगने पुढे त्यातले तुकडे निवडून वाद्यवृंदासाठी दोन मालिका केल्या. दुसऱ्या मालिकेत सोल्वेइगचे गाणे आले आणि ते युरोपभर वाजू लागले. जर्मनी-फ्रान्समध्ये या नावाची पूर्वपरंपरा नाही, तरी तिथेही सोल्वेइग नावाच्या स्त्रिया सापडतात. केवळ देशाभिमानाने नाव पसरले असते तर ते नॉर्वेची सीमा ओलांडून तिथवर गेले नसते.

पण एकट्या नाटकाने हे झाले नाही, असेही म्हणता येईल, आणि ते खरे आहे. जमीन तयार होती म्हणून बी रुजले. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेत आपली भाषा, आपल्या लोककथा, आपली जुनी नावे यांचा नव्याने शोध चालू होता. 1905 मध्ये स्वीडनशी असलेला संयोग संपला आणि डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला राजा म्हणून बोलावले गेले, तेव्हा त्याने होकून हे जुन्या नॉर्वेजियन राजांचे नाव घेतले आणि आपल्या दोन वर्षांच्या मुलाचे अलेक्झांडर हे नाव बदलून ओलाव ठेवले. राजाच नाव बदलतो, तिथे प्रजेच्या घरात सिग्रिड, आस्त्रिड, रागनहिल्ड आणि सोल्वेइग परतल्या यात नवल नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सोल्वेइग हे नॉर्वेतल्या मुलींच्या अगदी नेहमीच्या नावांपैकी एक होते.

मग ते दुर्मीळ कसे?

इथे आकड्यांचा एक घोळ सोडवायला हवा. नावांच्या लोकप्रियतेचे दोन हिशेब असतात. या वर्षी जन्मलेल्या किती मुलींना हे नाव ठेवले, हा एक, आणि आज हयात असलेल्या किती स्त्रियांचे हे नाव आहे, हा दुसरा. धरणाच्या बातम्यांत 'यंदाची आवक' आणि 'एकूण साठा' असे दोन आकडे येतात, तसेच हे आहे. गेल्या काही वर्षांत पाऊस चांगला झाला असेल तर यंदा आवक थांबली तरी धरण भरलेलेच दिसते. सोल्वेइगचे दीर्घकाळ असेच होते: साठा भरपूर, पण तो सगळा आजीबाईंचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढ्यांनी हे नाव आजीचे म्हणून बाजूला ठेवले आणि आवक घटत गेली. त्यामुळे नॉर्वेत राहणाऱ्यांना ते ओळखीचे वाटे, पण पाळण्यात क्वचितच ऐकू येई. स्कॅन्डिनेव्हियाबाहेर मात्र साठाही थोडा आणि आवकही थोडी, म्हणून तिथे ते खऱ्या अर्थाने दुर्मीळ आहे.

नॉर्वेत गेल्या काही वर्षांत आवक पुन्हा वाढली आहे, आणि याचे कारण नाटक नव्हे तर पिढ्यांचे अंतर आहे. आईचे नाव जुनाट वाटते, आजीचे नाव म्हातारे वाटते, पण पणजीला आपण बहुधा पाहिलेले नसते, फक्त तिच्याविषयी ऐकलेले असते, आणि म्हणून तिचे नाव नवे वाटते. मराठीतही रमा, रेवा, सई, मीरा ही नावे अशीच फिरून आली. तीन-चार दशकांपूर्वी अनेक तरुण आईवडिलांना ती फार जुनी वाटत होती.

इब्सेनच्या दुसऱ्या नायिकेशी तुलना केली तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. 1879 च्या नाटकातली, शेवटी घराचे दार ओढून बाहेर पडणारी नोरा. तिचे नाव गेल्या दहा-पंधरा वर्षांत नॉर्वेच्या वार्षिक यादीत अनेकदा पहिल्या क्रमांकावर आले. नोरा मुळात नॉर्स नाही. पण ते दोन अक्षरी आहे, कोणत्याही देशात सहज वाचता येते आणि पासपोर्टवर अडत नाही. सोल्वेइगमध्ये जोडाक्षर आहे, न उच्चारला जाणारा 'ग' आहे आणि सीमा ओलांडताच उच्चार बदलतो. पहिल्या क्रमांकावर नसण्यामागे एवढे कारण पुरेसे आहे.

कायदा आडवा येतो का?

स्कॅन्डिनेव्हियात सरकारी यादीतलीच नावे ठेवावी लागतात, असा एक समज आहे. तो सरसकट खरा नाही. नॉर्वेत पहिले नाव बरेच मोकळेपणाने निवडता येते. ते मुलाला पुढे मोठी अडचण ठरेल असे नसावे, ही मुख्य अट आहे आणि त्यासाठी जन्मापासून सहा महिन्यांची मुदत असते. बाराव्या दिवशी बारसे उरकणाऱ्या आपल्याला ही मुदत फारच ऐसपैस वाटेल. आइसलँडमध्ये मात्र मान्य नावांची नोंदवही आहे आणि तिच्यात नसलेले नवे नाव एका समितीपुढे जाते. ते नाव आइसलँडिक व्याकरणात विभक्तीप्रमाणे चालते का, हेही समिती पाहते. सोल्वेइगला तिथे काहीच अडचण नाही. 'सोल्वेइगला' म्हणायचे तर तिथे नावाचेच रूप सोल्वेइगु होते, आणि 'सोल्वेइगची' म्हणायचे तर सोल्वेइगार. आईच्या नावावरून मुलीने नाव लावले तर ती सोल्वेइगारदोत्तिर, म्हणजे सोल्वेइगची मुलगी, होते. आपणही 'सीताला' न म्हणता 'सीतेला' म्हणतो, नावाचे सामान्यरूप करतो. त्यामुळे ही गोष्ट इंग्रजी माणसापेक्षा मराठी माणसाला लवकर कळावी.

मराठी घरात हे नाव ठेवले तर?

ओस्लो, स्टॉकहोम किंवा कोपनहेगनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांत हा विचार अधूनमधून होतो, आणि माझ्या बहिणीच्या फोनमागेही तो होताच, कारण तिच्या घरी दुसरे बाळ येऊ घातले होते. नाव परके आहे ही अडचण मी फार मोठी मानत नाही. उच्चाराची मात्र खरी आहे. नॉर्वेतल्या शाळेत ती सूल्वॅय असेल, डेन्मार्कमध्ये सोल्वाय, आइसलँडमध्ये शेवटचा ग पुसटसा ऐकू येईल आणि पुण्याच्या आजीकडे सुट्टीला आली की सोल्वेग. यांतला कोणताही उच्चार चूक नाही. नावाच्या मूळ भाषेत तो ग होताच, म्हणून आजीने तो म्हटला तर बिघडत नाही.

अर्थाचे काय सांगायचे, असे बहिणीने शेवटी पुन्हा विचारले. बारशाच्या पत्रिकेत 'सूर्याचा मार्ग' छापू नकोस, एवढे मी आग्रहाने सांगितले. दुसरा भाग म्हणजे बळ, हे निःशंक लिही. पहिला भाग घर किंवा सूर्य, आणि या दोहोंत अजून निवाडा झालेला नाही, हेही तसेच लिही. पत्रिकेत एक ओळ वाढेल, पण जागा आहे.